तिसऱ्या दुपारचा खेळ

“पत्नीचं नाव?” समोरच्या माणसानं विचारलं, आणि ग्यानोबा म्हणाला, “विमल.”

माणूस लिहून मोकळाही झाला. शेजारी बसलेला रेणुकादास एकदम वळला. “आबा, काय सांगायलात? आईचं नाव सिंधु.” मग त्या माणसाकडं बघत ओशाळं हसला, “सत्तरी गाठलीय हो त्यांनी.” माणसानं ‘विमल’वर एक रेघ मारली, वर बारीक अक्षरात ‘सिंधु’ लिहिलं आणि पुढची ओळ विचारली. सून आरती चहा घेऊन आली. तिनं सासऱ्याकडं जरा निरखून पाहिलं. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या मुली मोठमोठ्यानं जीवशास्त्र पाठ करत होत्या. सगळं दोन मिनिटांत मिटलं. ग्यानोबानं मात्र कप उचलला तेव्हा तो बशीत वाजला, आणि त्याची नजर नकळत भिंतीकडं गेली. सप्टेंबरातल्या भूकंपापासून लातुरात हात थरथरला तरी माणूस आधी भिंतीकडं बघायचा. भिंत जागच्या जागी होती. भूकंपात पडलेल्या तड्याच्या टोकाशी रेणुकादासनं पेन्सिलीनं तारखा घातल्या होत्या, शेवटची तारीख जानेवारीची, आणि तडा त्यापुढं केसभरही सरकलेला नव्हता.

फॉर्म भरून घेणारा माणूस एका संस्थेचा होता. औशाच्या पुढं भूकंपात घरं गेलेल्यांसाठी पत्र्याच्या वसाहती उभ्या राहिल्या होत्या. तिथल्या माणसांपुढं भजन, भारूड, पोवाडे करायला ही संस्था कलावंत नेत होती. ग्यानोबा तरुणपणी भारुडाच्या फडात होता, एवढं रेणुकादासला आईनं कधीतरी सांगितलेलं. त्यानं ते आपल्या क्लासमध्ये बोलता बोलता कुणालातरी सांगितलं आणि तिथून हे घरापर्यंत आलं. “आबा, ती माणसं बोलत नाहीत हो,” रेणुकादास म्हणाला. “माझ्या वर्गात तिकडचे दोघं आहेत, गणितं धडाधड सोडवतात, पण नाव विचारलं तर गप्प. तुम्ही दोन गाणी म्हणा. चार घटका बरं वाटेल त्यांना.” बरं वाटेल. ग्यानोबानं मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून हे त्याचं त्यालाही कळलं नाही. तो उठून मागच्या दारी गेला आणि दगडावर बसला. विमल. सेहेचाळीस वर्षांत एकदाही हे नाव त्याच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. एकदाच पडायला हवं होतं, आणि तेव्हा पडलं नव्हतं.

पाच जणांचा फड होता त्यांचा. देगलूरकडचा मलप्पा म्होरक्या. दोघं भाऊ टाळ आणि सांबळ धरायचे. ग्यानोबा सोंगाड्या, आणि लालसाब बायकांची सोंगं घ्यायचा. भोकरच्या पिंजाऱ्याचा लेक तो, ग्यानोबाहून वर्षभरानं मोठा. बोलायला लागला तर आवाज घोगरा, कापूस पिंजताना नाका-घशात गेल्यासारखा, पण गायला लागला की लोक विडी विझवून ठेवायचे. माहूरच्या रेणुकेचं सोंग त्याचं. नाकात नथ, कपाळभर मळवट, हिरवं लुगडं, आणि त्यानं स्वतःच बांधलेलं गाणं: ‘आई, तुझ्या डोंगराला दार कोण्या दिशेला’. एवढं म्हणून तो गर्रकन फिरायचा, चारी दिशांना हात जोडायचा, आणि म्हाताऱ्या बाया उठून त्याच्या पायावर डोकं ठेवायच्या. पिंजाऱ्याच्या पोरानं, मुसलमानानं, देवीचं सोंग का घ्यावं, असं त्या वेळपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. ग्यानोबाचं काम त्याच्या आधी. लोकांना हसवून हसवून मोकळं करायचं, म्हणजे रेणुका आली की ती रडायला तयार. हजरजबाबीपणात त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. गर्दीतून कुणी काही ओरडावं आणि ते शब्द खाली पडायच्या आत ग्यानोबानं उत्तर फेकावं. पण गावं सोडताना बाया विचारायच्या ते लालसाबला, पुन्हा कधी येणार म्हणून.

रझाकारांच्या वर्षी फड बंदच पडला असता, पण मलप्पा हट्टी. “मानसं भ्याल्यावर तर जास्त गायाला पायजे,” म्हणायचा. दिवे लावून खेळ करायची कुणाची छाती नव्हती. खेळ दुपारी, मारुतीपुढं, तासाभरात आटपता. नाक्यावर बंदुकवाल्यांनी अडवलं की लालसाब पुढं व्हायचा. “ये मेरे लोग हैं साब, गाने-बजाने वाले.” दोनदा त्यानं असं सगळ्यांना सोडवलं. तिसऱ्यांदा त्या लोकांनी पेटी उघडली, नथ आणि मळवटाची डबी पाहिली, हे कोण लावतो विचारलं, आणि लालसाबनं “मैं” म्हटल्यावर बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर घातला. पुढचा एक दात गेला. त्यानंतर गाताना त्या फटीतून बारीक शीळ यायची, आणि लोकांना वाटायचं की ती मुद्दाम घेतलेली हरकत आहे. ग्यानोबालाही एकदा तसंच वाटलं होतं, आणि त्या हरकतीचा त्याला हेवाही वाटला होता.

मग पोलीस ॲक्शन झाली. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. फड भोकरहून मुखेडकडं निघाला होता. आधी वाटेत फेटे उडवणारी माणसं भेटली, गुळाचे खडे हातावर ठेवणारी. फडही नाचला त्यांच्यात, लालसाब सगळ्यांत जास्त. दोन दिवसांनी भेटणारी माणसं वेगळी होती. त्यांच्या हातात कुऱ्हाडी आणि भाले होते आणि ती गाणी म्हणत नव्हती, मुसलमानांची घरं विचारत होती. एका ओढ्यावर पाण्याला वाकलेल्या लालसाबला मलप्पा म्हणाला, “आता ह्ये लुगडं उतरायचं न्हाई. गाव लागू दे, न्हाई लागू दे. भोकरला तुझ्या मायेपाशी परत सोडीपर्यंत तू बाई हाईस.” त्यानं आपल्या वस्तऱ्यानं लालसाबची दाढी केली, तोंडाला हळद चोळली, डोक्यावरून पदर दिला. “ग्यानोबाची बायकू. नाव विमल. समद्यांनी ध्यानात ठिवा.” ग्यानोबा तेव्हा ओढ्यात पाय सोडून बसला होता. त्याला ते वाक्य ऐकू आलं होतं, नाही आलं असं नाही. पाणी गढूळ होतं, वस्तरा खसखसत होता, आणि मलप्पा म्हणाला होता, नाव विमल.

चालताना लालसाब चार पावलं मागं राहायचा, बाईनं राहावं तसा. ग्यानोबाला त्या चालण्यात एक विचित्र मजा वाटायची. रोज ज्याच्या पुढं पुढं लोक करायचे तो आता मान खाली घालून आपल्या मागून येतोय. आणि मग रात्रभर त्या मजेची शरम वाटायची. “काय गं, दमलीस का?” त्यानं एकदा थट्टेनं विचारलं. लालसाब हसला नाही. घोगऱ्या आवाजात म्हणाला, “माझी माय वाट बघून राह्यली आसंल रे. सणाला यतो म्हनलो होतो तिला.”

वाटेतल्या एका गावाच्या वेशीतच त्यांना अडवलं. वीस-पंचवीस तरणे, घामेजलेले, डोळे तांबारलेले. एकानं सांबळावर भाल्याचं टोक टेकवलं. तेवढ्यात गावचा पुढारी हणमंतराव आला. चाळिशीचा, धुवट धोतर, आवाज इतका मऊ की दोन पावलं पुढं येऊन ऐकावं लागे. “भारूडवाले का? बरं झालं आलाव. गावाला बरं वाटंना झालंय. तीन दिवस ऱ्हावा, जेवा-खावा, खेळ करा.” तो विचारत नव्हता. गावाच्या एका अंगाला अजून धूर निघत होता. पांढऱ्या दगडाच्या विहिरीवर बाभळीच्या काट्या रचल्या होत्या, आणि एका पोरीनं त्यांना सांगितलं, “ह्या हिरीचं पानी नका घिऊ.” का, असं कुणी विचारलं नाही. ग्यानोबानं लालसाबकडं पाहिलंच नाही. त्याला लालसाबच्या पायाची बोटं तेवढी दिसली, लुगड्याच्या काठाखाली मातीत रुतलेली.

पहिल्या दुपारी मारुतीपुढं सारं गाव बसलं. ग्यानोबा हसवायला उभा राहिला तर कुणी हसेना. पुरुष आपले हात उलटे-सुलटे करून बघत होते, बायांच्या तोंडाला पदर. मग लालसाब आला. तो गायला आणि शीळ उमटली, आई, तुझ्या डोंगराला दार कोण्या दिशेला, आणि काहीतरी फुटल्यासारखी माणसं रडायला लागली. सकाळी भाला टेकवणारा तो तरणा गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देत होता. हणमंतराव उपरण्यानं डोळे टिपत होता. बाया उठल्या, रांगेनं पाया पडल्या, आणि लालसाब एकेकीच्या डोक्यावर हात ठेवत गेला. तो हात जराही कापला नाही. ग्यानोबा बाजूला उभा राहून बघत होता. त्याच्या मनात आलं, आता हे निवतील. रडून झालं की माणूस निवतो. मलप्पालाही तसंच वाटलं असणार. संध्याकाळी तो म्हणाला, “बगितलं? म्हनून गायाला पायजे.” दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-दहा जण कुऱ्हाडी घेऊन शेजारच्या गावाला गेले आणि दुपारच्या खेळाला वेळेवर परत आले. हात धुऊन पुढच्या रांगेत बसले. तेही रडले.

पार्वतम्मा म्हणून एक म्हातारी फडाला भाकरी आणून द्यायची. तिनं दुसऱ्या दिवशी भाकरी ठेवता ठेवता ग्यानोबाला हळूच सांगितलं, “तुज्या बायकूला म्हन, पदर गळ्यावरनं घे. कंठ दिसतुया.” म्हातारी त्याच्याकडं न बघता टोपलं झाकत म्हणाली, “मी मुखेडच्या बाजारात ह्येचं गानं दोनदा ऐकलंय. जावा बाबांनो. आजच जावा.” त्यानं मलप्पाला सांगितलं. मलप्पा म्हणाला, “आज गेलो तर संशव यील. उद्याचा खेळ झाला की सकाळी निगू.”

तिसऱ्या दुपारी खेळाच्या आधी हणमंतरावानं ग्यानोबाला पारावर बोलावलं. जवळ बसवलं, तंबाखू दिली. कुठला, शेत किती, भाऊ किती, असं विचारत राहिला. मग म्हणाला, “आमच्या घरच्या म्हनायल्यात, तुज्या बायकूची ओटी भरू. देवीचं सोंग घेती, मान करावा. नाव काय तिचं?”

“सिंधु,” ग्यानोबा म्हणाला.

सिंधु त्याच्या मामाची मुलगी. लग्न ठरल्यात जमा होतं. बायको म्हटलं की डोळ्यापुढं तीच येत होती, म्हणून ते नाव आलं. असं ग्यानोबानं पुढं स्वतःला कितीदा सांगितलं असेल. हणमंतरावाची तंबाखू मळायची थांबली. “सिंधु? मलप्पानं तर काल विमल सांगितलं.” त्याचा आवाज तसाच मऊ होता. ग्यानोबा त्याच्याकडं बघत राहिला. नुसता बघत राहिला. पारावरच्या पिंपळाची पानं हलत होती, लांब कुठंतरी वासरू ओरडत होतं. उत्तर किती सोपं होतं! माहेरचं सिंधु, सासरचं विमल. गावोगावच्या प्रत्येक बाईला दोन नावं असतात. हे उत्तर त्याला सुचलं, पण दोन दिवसांनी, मुखेडच्या रस्त्यावर, आणि सुचलं तसा तो रस्त्यातच खाली बसला. जो माणूस भर गर्दीत कुणाचा शब्द खाली पडू देत नव्हता, त्याला त्या वेळी का सुचलं नाही? तो भ्याला होता म्हणून? की आत कुठंतरी, जिथं आपला हात पोचत नाही तिथं, त्याला सुचवायचंच नव्हतं? पुढं सिंधुशी लग्न झालं, ती जाईपर्यंत चाळीस वर्षं संसार झाला, तिला हाक मारताना प्रत्येक वेळी तोंडात किंचित अडखळायचं. तिला वाटायचं, नवरा लाजतो. पुढं ती पोरीबाळींना कौतुकानं सांगायची.

हणमंतराव धोतर झटकून उठला. तो ओरडला नाही. चार जण देवळाच्या मागं गेले, जिथं लालसाब नथ घालत बसला होता. आवाज आला नाही, किंवा आला असेल तर समोर माणसं बसत होती, लेकरं रडत होती, त्यात मिसळून गेला. थोड्या वेळानं त्यातला एक जण हिरवं लुगडं घेऊन आला, घडी घातलेलं. कुणी घातली असेल ती घडी? हणमंतराव मलप्पाला म्हणाला, “लोकं बसल्यात. खेळ होऊ द्या.” मलप्पानं विचारलं, “कशाचा खेळ, मालक?” “रेणुका पायजे,” हणमंतराव म्हणाला. मलप्पानं ग्यानोबाकडं पाहिलं. दोघं भाऊ खाली मान घालून बसले होते. ग्यानोबानं लुगडं घेतलं. ते अजून कोमट होतं.

तो गायला. गाणं त्याला तोंडपाठ होतं, तीन वर्षं बाजूला उभं राहून ऐकलेलं. पहिली ओळ म्हटली आणि त्याला आपलाच आवाज ओळखू येईना, इतका तो उंच, नितळ लागला. तो चारी दिशांना फिरला. लोक रडले. हणमंतरावानं उपरणं डोळ्यांना लावलं, परवासारखंच, त्याच ओळीला. गाता गाता एका क्षणी ग्यानोबाच्या मनात आलं की आपण छान गातोय, लालसाबइतकं. ते मनात आलं आणि गेलं. साऱ्या आयुष्यात त्याला कुणी काही विचारलं असतं तर तो एवढं एकच लपवून बाकी सगळं सांगू शकला असता. दुसऱ्या दिवशी फड गावातून निघाला आणि मुखेडच्या फाट्यावर मोडला. मलप्पा कुठं गेला ते कळलं नाही. ग्यानोबा लातूरला आडतीवर मापाडी म्हणून लागला आणि पुन्हा कधी गायला नाही. मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव मात्र त्यानं हट्टानं रेणुकादास ठेवलं.

फॉर्म भरल्यावर चार दिवसांनी दुपारी रेणुकादासनं त्याला स्कूटरवर मागं बसवलं. येत नाही म्हणायचं ग्यानोबानं ठरवलं होतं, शब्दही जुळवून ठेवले होते, पण आरतीनं धुतलेला फेटा हातात दिला आणि तो मुकाट्यानं चपला घालायला गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लासच्या पाट्या होत्या, पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. गाव सुटल्यावर पाट्या संपल्या आणि मग ढिगारे सुरू झाले, दगड-मातीचे, ज्यांतून अजून एखादी चौकट नुसतीच उभी होती. वसाहतीत पत्र्यांच्या खोल्यांच्या रांगा उन्हानं तापून तडतडत होत्या. मधल्या मोकळ्या जागेत सतरंजी, माईक आणि फॉर्म भरणारा तो संस्थेचा माणूस. शे-दीडशे माणसं बसली होती. ती न हसणारी तोंडं त्यानं आधी पाहिली होती. नाही, तशी नव्हेत, तो स्वतःला म्हणाला, ह्यांनी कुणाला काही केलेलं नाही, ह्यांच्यावरच कोसळलंय.

“सुरू करा आजोबा,” संस्थेचा माणूस म्हणाला. ग्यानोबानं डोळे मिटले. वाटलं होतं, आवाज फाटेल, सत्तर वर्षांचा घसा, लोक कंटाळून उठतील आणि आपण सुटू. ‘आई, तुझ्या डोंगराला दार कोण्या दिशेला.’ आवाज फाटला नाही. थोडा जाड झालेला, पण जिथं चढायला हवा तिथं चढला. त्यानं डोळे उघडले. पुढच्या रांगेतल्या एका माणसाचा चेहरा सैल पडत चालला होता. त्यानं टॉवेलाचं टोक डोळ्यांकडं नेलं. ग्यानोबा थांबला. ओळ अर्धीच राहिली.

“म्हना की,” कुणीतरी म्हणालं.

“ह्ये गानं माजं न्हाई,” ग्यानोबा माईकमध्ये म्हणाला. आवाज कर्ण्यातून पत्र्यांवर आदळून परत आला. “भोकरच्या लालसाब पिंजाऱ्याचं हाय. आम्ही त्येला बायकूच्या लुगड्यात लपवून निलं होतं. मला त्येचं नाव इचारलं. म्या चुकीचं सांगितलं. त्येला मारलं, आन् त्येचं लुगडं नेसून त्याच दुपारी म्या ह्ये गानं म्हनलं.” एवढंच. सेहेचाळीस वर्षं जे आत फिरत होतं ते बाहेर आलं तेव्हा पाच-सहा वाक्यांचं निघालं. संस्थेचा माणूस लगबगीनं जवळ आला, माईकवर हात ठेवून कुजबुजला, “आजोबा, हे विषय इथं नको. आधीच गेल्या वर्षीच्या दंगलींपासून वातावरण कसं आहे माहीत आहे ना? एखादं हसायचं म्हणा.” रेणुकादास मागं उभा होता. त्याच्याकडं बघायची ग्यानोबाची छाती झाली नाही.

कुणी आरडाओरडा केला नाही. ग्यानोबा वाट बघत होता, कुणीतरी दगड मारील, निदान शिवी देईल. त्याला तेच हवं होतं कदाचित. बायांमधून एक पन्नाशीची बाई उठली. शेजारणीनं तिचा पदर धरून ओढला, “कमलम्मा, बस.” ती बसली नाही. तिचा आवाज बरेच दिवस न वापरल्यासारखा खरखरीत होता.

“त्येला मूठमाती कुनी दिली?”

ग्यानोबाला प्रश्नच कळला नाही. “आं?”

“त्येला. मारल्यावर. मूठमाती कुनी दिली?”

त्यानं आठवून पाहिलं. देवळाची मागची बाजू. काट्या घातलेली ती विहीर. सकाळी गाव सोडताना तो कुणीकडं बघत होता? “ठावं न्हाई,” तो म्हणाला. “आम्ही निगालो तिथनं.”

“त्येला घरचं कुनी?”

“माय होती. भोकरला.”

“तिला जाऊन सांगितलं का कुनी?”

मुखेडच्या फाट्यावरून भोकर दोन दिवसांच्या वाटेवर होतं. पुढं एसटी झाली तेव्हा तर एका दिवसात जाऊन येता आलं असतं. सेहेचाळीस वर्षं त्यानं ते एक नाव घोळवलं होतं, ती एक दुपार, आपला आवाज, आपला दोष. भोकरची एसटी त्याच्या डोक्यात एकदाही आली नव्हती. “न्हाई,” तो म्हणाला.

कमलम्मा त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. “माजी लेक तिसऱ्या दिशी सापडली,” ती म्हणाली. “सापडली म्हनून मी हितं बसलेय. न्हाईतर मी आजून ढिगाऱ्यातच हात घालून ऱ्हायले आसते.” ती जरा थांबली. “म्हंजी ती बाई वाट बघतच मेली.”

ती वळली आणि आपल्या खोलीत गेली. तिच्यामागं दुसरी उठली, मग तिसरी, मग पुरुषही उठले, कपड्यांची माती झटकत, घाई न करता. पत्र्याची दारं एकामागून एक लागत गेली. सतरंजीवर ग्यानोबा उभा होता, आणि माईक अजून चालू होता. त्याच्या श्वासाचा आवाज साऱ्या वसाहतीला ऐकू जात होता.